यादी आणि आवाज : बॉस्टनच्या एका नभोवाणी केंद्राची कथा

१५ मार्च १९६८ रोजी रात्री दहा वाजता अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या डब्ल्यू. बी. सी. एन. या नभोवाणी केंद्राने आपला सूर पालटला. दहा वर्षे हे केंद्र बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांच्या रचना ऐकवीत आले होते. त्या रात्री जो रॉजर्स नावाच्या तरुण निवेदकाने 'क्रीम' या इंग्लिश रॉक बँडची तबकडी लावली आणि जेथे श्रोत्यांना व्हायोलिनची सवय होती तेथे विजेच्या गिटारी झंकारू लागल्या. पुढे एकेचाळीस वर्षे हे केंद्र बॉस्टनच्या तरुण पिढ्यांचे सोबती होऊन राहिले. ऑगस्ट २००९ मध्ये त्याच्या मालकांनी ते बंद केले.

रॉक संगीताशी आमच्या बहुसंख्य वाचकांचा परिचय बेताचाच असेल. त्या संगीताच्या गुणावगुणांचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या माणसाने काय ऐकवावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? त्या माणसाचा, ऐकणाऱ्या नगराचा, की परवाना विकत घेणाऱ्याचा? बॉस्टनच्या या केंद्राच्या इतिहासात तिन्ही उत्तरे एकामागून एक दिली गेली, आणि प्रत्येक उत्तराचे फळही पाहावयास मिळाले.

ओसाड पट्टा

रॉक संगीताला नभोवाणीवर घर मिळाले ते एफ. एम. या प्रक्षेपणपद्धतीमुळे. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाला २६ डिसेंबर १९३३ रोजी तिचे एकस्व मिळाले. जुन्या मध्यमलहरींवर वीज कडाडली की खरखर होई. आर्मस्ट्राँगच्या पद्धतीत आवाज स्वच्छ, निर्मळ येई. परंतु शोधकाच्या वाट्याला सुख आले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, संघराज्याच्या दळणवळण आयोगाने एफ. एम. चा पट्टा उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला, आणि लोकांच्या घरातील असलेले संच एका आदेशाने निरुपयोगी झाले. त्यात बड्या कंपन्यांशी वर्षानुवर्षे चाललेले एकस्वाचे दावे. खचलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ च्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेऊन जीवन संपवले. त्याच्या पत्नीने, मॅरियनने, ते दावे पुढे नेटाने लढवले. अखेरचा दावा तिने १९६७ मध्ये जिंकला.

तोवर एफ. एम. हा ओसाड पट्टाच होता. ज्यांच्याकडे मध्यमलहरींचे केंद्र होते ते मालक तोच कार्यक्रम एफ. एम. वरही सोडून देत. वेगळा खर्च करण्याची त्यांना गरज वाटत नसे. १९६४ मध्ये आयोगाने नियम केला की, एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफ. एम. केंद्राने किमान निम्मा वेळ स्वतःचा कार्यक्रम द्यावा. १९६७ च्या आरंभी हा नियम अंमलात आला आणि भरून काढावयाचे असंख्य तास मोकळे पडले. ज्या वेळेला बाजारात किंमत नव्हती तीच वेळ तरुणांच्या हाती आली. एप्रिल १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत के. एम. पी. एक्स. या केंद्रावर टॉम डॉनह्यू या अनुभवी निवेदकाने लाँगप्ले तबकड्यांवरील रॉक ऐकवण्यास सुरुवात केली, आणि ही वार्ता देशभर पसरली.

डब्ल्यू. बी. सी. एन. ची स्थिती थोडी वेगळी होती. ते कोणाच्या मध्यमलहरी केंद्राचे शेपूट नव्हते. टी. मिचेल हेस्टिंग्ज या अभियंत्याने अभिजात संगीतासाठी न्यूयॉर्क, हार्टफर्ड, प्रॉव्हिडन्स अशा शहरांत केंद्रांची साखळी उभारली होती. बॉस्टनचे केंद्र १९५८ पासून चालू होते, आणि त्याच्या नावातील अखेरची तीन अक्षरे 'बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क' या शब्दांची होती. मोटारीत एफ. एम. ऐकता यावे यासाठीही हेस्टिंग्जने खटपट केली होती. उपकरणांवर त्याचा जीव होता, परंतु पैशाची बाजू सदैव लंगडी. त्या वेळी रे रीपेन नावाचा एक वकील त्याच्याकडे आला. रीपेनने जानेवारी १९६७ मध्ये बर्कली स्ट्रीटवरील एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या वास्तूत 'बॉस्टन टी पार्टी' हे संगीतगृह उघडले होते. बॉस्टन आणि शेजारचे केंब्रिज म्हणजे महाविद्यालयांचे आगर. तेथील विद्यार्थी ज्या तबकड्या विकत घेत त्या शहरातील एकही केंद्र वाजवीत नव्हते. रीपेनने केवळ रात्री दहा ते पहाटे सहा एवढीच वेळ मागितली. ती मिळाली, आणि काही महिन्यांतच दिवसही रॉक संगीताचा झाला.

तबकड्यांच्या भिंतीसमोर

आरंभीचे बहुतेक निवेदक महाविद्यालयांच्या छोट्या नभोवाणी केंद्रांतून आलेले विद्यार्थी होते. त्यांनी काय केले हे समजण्यासाठी त्या वेळच्या लोकप्रिय केंद्रांची रीत पाहावी लागेल. मध्यमलहरींवर सर्वाधिक खपाच्या तीस-चाळीस गाण्यांची यादी आठवड्याला ठरे. गाणे तीन मिनिटांचे. निवेदकाचे बोलणे धावपळीचे, घंटा-भोंग्यांनी भरलेले. आणि त्याच गाण्यांची पाळी काही तासांनी पुन्हा येई.

बी. सी. एन. मध्ये यादी नव्हती. निवेदकासमोर तबकडी फिरवणारी दोन यंत्रे, आणि पाठीशी तबकड्यांनी भरलेली भिंत. काय लावावे आणि कशानंतर लावावे हे तोच ठरवी. तबकडीची अख्खी बाजू वाजवण्यास मुभा होती. शिकागोतील एखाद्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकामागोमाग त्याचेच ऋण मिरवणारा इंग्लिश बँड यावा, त्यानंतर जाझ, मग एखादे लोकगीत, अशी गुंफण होई. एक गाणे विरत असताना दुसरे त्यातून हळूच वर यावे हे त्यांचे कसब. तीन-चार गाणी झाल्यावर निवेदक साध्या, घरगुती आवाजात काय वाजले ते सांगे. ऐकणाऱ्याला या क्रमातून संगीताचे गोत्र उमगत जाई. चांगल्या शिक्षकाने न शिकवल्यासारखे करून शिकवावे, तसाच हा प्रकार होता.

रात्रीच्या उत्तरप्रहरी पीटर वुल्फ बसे. पुढे तो 'जे. गाइल्स बँड'चा गायक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्यानंतर चार्ल्स लाक्विडारा आला. तो कॅलिफोर्नियातून आला असला तरी मूळचा मॅसॅच्युसेट्सचाच, आणि अभिजात संगीताचे निवेदन केलेला. १९७२ मध्ये त्याने सकाळचा 'द बिग मॅट्रेस' हा कार्यक्रम सुरू केला. 'मोठी गादी' या विनोदी नावाखाली नकला, कोडी, वात्रटपणा आणि मध्येच एखादा बोचरा राजकीय प्रश्न यांची खिचडी शिजे. १९७० ते १९७७ या काळात दुपारच्या प्रहरी मॅक्सॅन सार्टोरी ही निवेदिका होती. बॉस्टनच्याच 'एरोस्मिथ' बँडला तिने प्रथमपासून उचलून धरले. १९७७ मध्ये तर 'द कार्स' या स्थानिक बँडची तबकडी निघालेली नसताना, कोणत्याही कंपनीशी करार नसताना, तिने त्यांची नमुन्याची फीत वाजवली. श्रोत्यांनी ती पुन्हा पुन्हा मागितली. मग करार झाला आणि १९७८ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. ज्या गाण्याचा खप शून्य आहे ते कोणत्याही यादीत असू शकत नाही. ते ऐकून 'हे चांगले आहे' असे म्हणणारा माणूसच तेथे लागतो.

नगराचा पार

संगीताइतकेच महत्त्व केंद्राच्या दूरध्वनीला होते. 'लिसनर लाइन' या नावाने स्वयंसेवक तो सांभाळीत. कोणाला दुसऱ्या गावी जाण्यासाठी मोटारीत जागा हवी, कोणाचे मांजर हरवले, कोणाला व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीविषयी सल्ला हवा. सारे तेथे विचारीत. गावातील पारावर जी कामे होतात ती येथे तारेवर होऊ लागली.

पारावर भांडणेही होतात. १९७० मध्ये एका उद्‌घोषणेत टंकलेखन जाणणारी 'चिक' हवी असे म्हटले गेले. इंग्रजी बोलीत तरुण मुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या या हलक्या शब्दाचा मूळ अर्थ कोंबडीचे पिल्लू. 'ब्रेड अँड रोझेस' या स्त्रीसंघटनेच्या सभासद खरोखरीची जिवंत पिल्ले घेऊन केंद्रात दाखल झाल्या : मागणी पिल्लांची होती, ती पुरी केली! त्यांनी स्त्रियांच्या कार्यक्रमासाठी प्रक्षेपणाची वेळ मागितली आणि मिळवली. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या तरुणांना आपल्या घरातील विषमता दिसत नव्हती. श्रोत्यांनी ती दाखवून दिली. केंद्राचा दरवाजा ठोठावता येत होता आणि तो उघडला जात होता, हे येथे विशेष.

बातम्यांची बाजू डॅनी शेक्टर सांभाळी. स्वतःला तो 'वार्ताविच्छेदक' म्हणवी. बातमी वाचून दाखवण्यापेक्षा ती उकलून दाखवणे हे त्याचे काम. गाण्यांचे तुकडे, भाषणांचे ध्वनिमुद्रण, रस्त्यावरील आवाज यांची जोडणी करून तो वार्तापत्र रचे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध त्याने पुढे दूरचित्रवाणीवर केलेले कार्य सर्वश्रुत आहे.

या मोकळेपणात सारेच चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. मादक द्रव्यांविषयीची बेफिकिरी त्या पिढीच्या अनेकांना महागात पडली, आणि केंद्राचे वातावरण त्यापासून अलिप्त नव्हते. स्वातंत्र्याच्या नावाखाली आळस व गटबाजीही खपून जाते. तरीही या निवेदकांचा आवाज नगराला आपला वाटत होता, ही गोष्ट उरतेच.

एकोणीस माणसे

हा आपलेपणा किती खरा होता, याची परीक्षा १९७९ मध्ये झाली. हेस्टिंग्जने केंद्र विकले. मायकल वीनर आणि जेरल्ड कॅरस हे नवे मालक. त्यांच्या कंपनीचे नाव हेमिस्फिअर. फेब्रुवारीच्या मध्यास ताबा घेताच त्यांनी एकोणीस जणांना कामावरून काढले. येथील नोकरवर्ग १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच विद्युत व नभोवाणी कामगारांच्या संघटनेत सामील झालेला होता. निवेदकांपासून कार्यालयातील कर्मचाऱ्यांपर्यंत सारे बाहेर पडले. बदली माणसांकडून प्रक्षेपण चालू ठेवण्यात आले; पण ते ऐकणार कोण? श्रोते संपकऱ्यांबरोबर रस्त्यावर उभे राहिले, जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या, बँडनी संपनिधीसाठी कार्यक्रम केले. साधारण तीन आठवड्यांत मालकांनी माघार घेतली आणि काढलेली माणसे परत कामावर आली.

परवाना, मनोरा, यंत्रे आणि तबकड्या हे सारे विक्रीखतात होते. परंतु ज्याला किंमत होती तो विश्वास विक्रीखतात लिहिलेला नव्हता, आणि तो माणसांबरोबर दाराबाहेर गेला. नव्या मालकांना हे त्या तीन आठवड्यांत उमजले असावे. कारण त्यानंतर त्यांनी केंद्राला बरीच मोकळीक दिली आणि केंद्र भरभराटीला आले. त्याच वर्षी स्थानिक बँडची 'रंबल' ही स्पर्धा सुरू झाली. बॉस्टनच्या कित्येक होतकरू वादकांना तिने व्यासपीठ दिले. ईडिपस हे टोपणनाव धारण करणारा कार्यक्रमप्रमुख १९८१ पासून दोन दशकांहून अधिक काळ टिकला. आयर्लंडच्या 'यू टू' या बँडला अमेरिकेत फारसे कोणी ओळखत नव्हते तेव्हा कार्टर अ‍ॅलन या निवेदकाने येथे त्यांची गाणी वाजवली. १९८८ मध्ये लाक्विडाराने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या शेल तेलकंपनीवर बहिष्कार घालण्याचे आवाहन सकाळच्या कार्यक्रमातून केले. व्यापार आणि विवेक एकाच खोलीत नांदू शकतात याचा हा पुरावा होता.

यादीचा विजय

मात्र देशात वारे पालटत होते. १९७० नंतरच्या दशकातच ली अ‍ॅब्रम्स या सल्लागाराने दाखवून दिले होते की, श्रोत्यांची पाहणी करून बेतलेली मर्यादित यादी निवेदकाच्या मर्जीपेक्षा अधिक श्रोते मिळवते. पुढे तंत्र आणखी काटेकोर झाले. गाण्याचा सर्वांत ओळखीचा पाच-दहा सेकंदांचा तुकडा दूरध्वनीवरून किंवा सभागृहात जमवलेल्या लोकांना ऐकवायचा, आवडला-नावडला हे विचारायचे, आणि ज्यावर कोणी नाक मुरडत नाही तीच गाणी ठेवायची. या चाळणीतून निसटते ते आवडते गाणे नव्हे, तर अनोळखी गाणे. जे कधी ऐकलेच नाही ते पाच सेकंदांत कोणाला आवडणार?

१९८५ च्या सुमारास फ्रेड जेकब्ज या डेट्रॉइटच्या सल्लागाराने मिशिगनमध्ये 'क्लासिक रॉक' या नावाची योजना रुजवली. युद्धोत्तर काळात जन्मलेली पिढी आता पस्तिशी-चाळिशीकडे झुकली होती. हातात पैसा होता, आणि तारुण्यातील गाण्यांची ओढही. जाहिरातदारांना हाच श्रोता हवा होता. बॉस्टनमध्ये १००.७ मेगाहर्ट्झवर डब्ल्यू. झेड. एल. एक्स. हे केंद्र त्याच दशकाच्या मध्यास या वाटेने गेले. असे करणाऱ्या पहिल्या काही केंद्रांत त्याची गणना होते. बी. सी. एन. च्या निवेदकांनी ज्या तबकड्या शोधून, धोका पत्करून वाजवल्या होत्या, त्यांतील निवडक शेकडा-दोन शेकडा गाणी येथे शेजारच्या केंद्राची मिरास झाली. पंधरा तबकड्यांचा धनी असलेला गायक चार गाण्यांपुरता उरला.

न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, अशा केंद्रांनी लाखो माणसांना रोजच्या कामाच्या रगाड्यात दिलासा दिला. ओळखीचे गाणे कानी पडल्यावर थकलेल्या माणसाचा चेहरा उजळतो, यात कमीपणा काहीच नाही. पुढे कार्टर अ‍ॅलनसारखा जाणकार तेथेच गेला आणि त्याने त्या संगीताची निष्ठेने सेवा केली. दोष स्मरणाचा नाही. स्मरणाला कुंपण घालण्याचा आहे.

वीनर आणि कॅरस यांनीच उभारलेल्या इन्फिनिटी कंपनीने १९९२ मध्ये झेड. एल. एक्स. विकत घेतले. आता एकाच मालकाच्या घरात दोन बहिणी झाल्या, आणि मालकाने त्यांची वाटणी केली. थोरल्या पिढीचा भूतकाळ झेड. एल. एक्स. कडे; बी. सी. एन. ने १९९५ पासून केवळ तरुणांचे नवे रॉक वाजवावे. आजवर एकाच प्रहरात आजोबा आणि नातू शेजारी बसत होते. आता त्यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. १ एप्रिल १९९६ रोजी बी. सी. एन. ची सकाळ हॉवर्ड स्टर्न याच्याकडे गेली. त्याचा कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये तयार होऊन अनेक शहरांत एकाच वेळी ऐकवला जाई. चोवीस वर्षे बॉस्टनला जागे करणारा लाक्विडारा धाकट्या बहिणीच्या घरी, झेड. एल. एक्स. वर, गेला. २००० मध्ये तो निवृत्त झाला.

याच १९९६ मध्ये अमेरिकेच्या नव्या दळणवळण कायद्याने देशभरात एका कंपनीने किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठवली, आणि मोठ्या शहरात आठ केंद्रांपर्यंत मुभा दिली. वर्षाच्या अखेरीपर्यंत इन्फिनिटीही वेस्टिंगहाऊस-सी. बी. एस. या प्रचंड समूहात विलीन झाली. निर्णय आता दूरच्या शहरात, हिशेबाच्या तक्त्यावर होऊ लागले. २००५ च्या अखेरीस स्टर्न उपग्रह नभोवाणीकडे निघून गेला, आणि उसना आवाज गेल्यावर घरात स्वतःचा आवाज फारसा उरलेला नव्हता. जुलै २००९ मध्ये सी. बी. एस. ने जाहीर केले की, क्रीडावार्तांचे नवे केंद्र सुरू करण्यासाठी जागांची फिरवाफिरव होईल आणि त्यात बी. सी. एन. बंद होईल. या वेळी संप झाला नाही. संप करण्याजोगे नाते मागेच तुटले होते.

अखेरचे काही दिवस केंद्र जुन्या निवेदकांच्या स्वाधीन करण्यात आले. गमावण्यासारखे काही न उरल्याने त्यांना मनाजोगते वाजवण्याची मोकळीक मिळाली. पिंक फ्लॉइडच्या एका प्रदीर्घ गीताने १०४.१ मेगाहर्ट्झवरील या केंद्राचा प्रवास संपला.

अभिजात म्हणजे काय?

'क्लासिक' या शब्दाला मराठीत आपण 'अभिजात' म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून हा शब्द आपल्या तोंडी अधिकच रुळला आहे. बॉस्टनच्या कथेतून त्याचे दोन अर्थ समोर येतात. यादीच्या लेखी अभिजात म्हणजे ज्यात आता भर पडणार नाही, जे चाचणीत उतरले आणि कुलुपात ठेवले गेले ते. मॅक्सॅन सार्टोरीच्या लेखी मात्र जुन्या ब्लूजची तबकडी कालच्या नमुन्याच्या फितीशेजारी लावता येत होती; जुने नव्याला ओळख देई आणि नवे जुन्याला श्वास देई. आम्हांला दुसरा अर्थ अधिक खरा वाटतो.

या कथेचा उत्तरार्ध सुखद आहे. बिल लिक्टेनस्टाइन हा १९७० मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी 'लिसनर लाइन'वर स्वयंसेवक म्हणून आला होता. प्रौढपणी त्याने या केंद्रावर माहितीपट करण्याचे घेतले तेव्हा त्याने जुन्या श्रोत्यांनाच हाक दिली. लोकांनी घराच्या माळ्यावर, तळघरात जपून ठेवलेल्या फिती, छायाचित्रे, पत्रके हजारोंच्या संख्येने आणून दिली. माहितीपट २०१९ मध्ये पुरा झाला. विकत घेणाऱ्यांनी केंद्र मिटवले. ऐकणाऱ्यांनी ते सांभाळून ठेवले होते.